बनियनचा ओटीपी

दोन बनियन घ्यायला गेलो होतो. पांढरे, बाहीवाले, साइज ९५. हे मी मोकळेपणाने सांगतोय, कारण आमच्या बिल्डिंगमध्ये आता ते कोणापासूनच लपलेलं नाही. ते फुटलं कसं, एवढंच सांगायचं राहिलंय.

सुरुवात दिवाळीत झाली. पुतण्या बंगळुरूहून आला होता. तो तिथे डेटाचं काहीतरी करतो. नेमकं काय ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही. चकली खाता खाता त्याने माझा मोबाईल उचलला आणि एक्स-रे बघताना डॉक्टर करतात तसा चेहरा केला.

"काका, टॉर्चच्या ॲपला सगळे कॉन्टॅक्ट्स कशाला दिलेत?"

"मागितले म्हणून दिले."

दारात आलेल्याला नाही म्हणू नये असे आमच्यावरचे संस्कार. टॉर्च झाला म्हणून काय झालं?

मग तो गुडघ्यावर आला. गुडघेदुखीबद्दल मी जे काही शोधायचो ते इन्कॉग्निटोत, म्हणजे ब्राउझरच्या गुप्त खिडकीत शोधायचो. तो टोपी-चष्मेवाला माणूस स्क्रीनवर आला की आपण कुणालाच दिसत नाही, अशी माझी श्रद्धा. पुतण्या म्हणाला, "काका, त्या टोपीआड फारतर काकूपासून लपता येतं." या इन्कॉग्निटोवरूनच गुगलवर अमेरिकेत २०२० साली खटला झाला होता म्हणे, आणि २०२४ मध्ये तडजोड करताना गुगलने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं. त्यात माझा गुडघा होता का, हे विचारायची सोय नाही.

पुतण्या गेला, पण माझी झोप घेऊन गेला. मी वाचायला लागलो. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाने २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलंय, आणि तेही नऊ न्यायाधीशांनी एकमताने! आमच्या पाच जणांच्या कमिटीचं पाण्याची टाकी कधी धुवायची यावरही एकमत होत नाही. या प्रकरणातले याचिकाकर्ते न्यायमूर्ती पुट्टस्वामी २०१२ साली कोर्टात गेले तेव्हा ८६ वर्षांचे होते. ८६ व्या वर्षी माणूस आधार कार्डावरून सरकारला कोर्टात खेचतो, आणि मला ५५ व्या वर्षी एका टॉर्चला नाही म्हणता येत नाही.

ठरवलं. आजपासून नंबर कुणालाही द्यायचा नाही. हाताशी शस्त्रही होतं. दुकानदारांनी बिलासाठी ग्राहकाच्या मोबाईल नंबरचा आग्रह धरू नये, असं ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच बजावलेलं आहे. त्या बातमीचा फोटो मी मोबाईलमध्ये ठेवला आणि बनियन घ्यायला निघालो. रविवारी संध्याकाळी. ही पहिली चूक.

काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "सर, मोबाईल नंबर?"

"देणार नाही."

तिने मान वर केली. बहुधा त्या दिवसातली पहिलीच वेळ असावी.

"सर, त्याशिवाय बिल निघत नाही."

"नंबर ही माझी खासगी माहिती आहे."

"नाही सर, खासगी काही नकोय. फक्त मोबाईल नंबर."

मी फोटो दाखवला. तिने तो नातवाचा फोटो बघावा तसा कौतुकाने बघितला आणि म्हणाली, "पण सर, सिस्टीम पुढेच जात नाही." मग मी डेटा संरक्षणाचा कायदा काढला. आता खरं सांगायचं तर या कायद्याची गत आमच्या लिफ्टसारखी आहे. कायदा झाला ऑगस्ट २०२३ मध्ये, त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि त्यातल्या मुख्य तरतुदी लागू व्हायच्या त्यानंतर अठरा महिन्यांनी. लिफ्ट बसली आहे, नारळही फुटलाय. तोवर जिना आहेच. पण हे तिला कशाला सांगा? मी फक्त "२५० कोटींपर्यंत दंड आहे!" एवढंच जोरात म्हटलं. माझं बिल ३५८ रुपये होतं.

मागे रांग मारुतीच्या शेपटीसारखी वाढत होती. एका बाईंच्या कडेवरच्या बाळाने रडायला सुरुवात केली. एक तरुण म्हणाला, "काका, देऊन टाका ना. बनियनच घेताय, स्विस बँकेत खातं नाही उघडत." मी त्याच्याकडे वळून "नऊ न्यायाधीशांनी" इथपर्यंत आलो, तेवढ्यात रांगेच्या शेवटून ओळखीचा आवाज आला.

"अहो भाऊजी! तुम्ही होय? अगं, माझा नंबर घाल गं त्यांना!"

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी. त्यांनी दहाच्या दहा आकडे पाढ्यासारखे कडकडून म्हटले. बिल निघालं, बाळ थांबलं, रांगेने सुटकेचा निःश्वास टाकला. मी वहिनींचे आभार मानले. ही दुसरी चूक.

वहिनींना खासगीपणाचं वावडं आहे असं मात्र नाही. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने खासगीपणाचं नवं धोरण आणलं आणि इलॉन मस्कने 'सिग्नल वापरा' असं ट्विट केलं, तेव्हा अख्ख्या बिल्डिंगला सिग्नल नावाच्या त्या दुसऱ्या मेसेजच्या ॲपवर नेणाऱ्या वहिनीच. आठ दिवस आम्ही तिथे एकमेकांकडे बघत बसलो. मग वहिनींच्या लक्षात आलं की बार्शीच्या बहिणीचं गुड मॉर्निंग इथे येत नाही, आणि सगळी वरात परत फिरली. पुढे त्याच धोरणापायी भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपची मालक असलेल्या मेटाला २१३ कोटी १४ लाखांचा दंड ठोठावला. ही बातमी आम्हाला कळली व्हॉट्सॲपवर. वहिनींनीच टाकली होती, खाली हात जोडून.

तर बनियन. मी घरी पोचायच्या आधी माझं बिल वहिनींच्या मोबाईलवर पोचलं. जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, "९५ होतं का तुम्हाला? मला वाटलं शंभर लागत असेल." रात्री बायकोने शांतपणे विचारलं, "दोनशेला मिळाले म्हणालात ना?" दुसऱ्या दिवशी दुकानाने 'आपला अनुभव कसा होता?' म्हणून वहिनींना विचारलं, आणि त्यांनी माझ्या वतीने पाच तारे दिले. चौथ्या दिवसापासून त्यांच्या मोबाईलवर 'खास आपल्यासाठी, पुरुषांच्या अंतर्वस्त्रांवर २० टक्के सूट' असे मेसेज यायला लागले. ते वहिनींच्या यजमानांनी वाचले. यजमान पूर्वी मला बघून हसायचे.

आणि एवढं सगळं होऊन बनियन पोटावरून खाली उतरेना.

बदलून घ्यायला गेलो. काउंटरवर तीच मुलगी. "सर, बिलावर जो नंबर आहे त्यावर ओटीपी जाईल."

वहिनी त्या वेळी एसटीत होत्या. अर्ध्या तिकिटात सप्तशृंगीच्या दर्शनाला निघालेल्या. फोन लावला. मागे खिडक्यांचा खडखडाट, कुणाचं तरी भजन.

"वहिनी, ओटीपी आलाय का?"

"थांबा, चष्मा काढते... आलाय. पण भाऊजी, यात लिहिलंय, कोणालाही सांगू नका."

"मला सांगा हो, बनियन माझे आहेत!"

"ते खरं. पण हल्ली आवाज काढून फसवतात म्हणे. बँकेतल्या मुलाने बजावलंय, सख्ख्या भावालाही सांगायचा नाही."

तेवढ्यात ओटीपीची वेळ संपली. मुलीने दुसरा पाठवला. मागे पुन्हा रांग. वहिनींनी विचार करून तोड काढली.

"बरं, तुम्ही तुम्हीच आहात ना, ते बघू. जुनी साइज सांगा."

"पंच्याण्णव."

"ऐकू येत नाही हो, घाट लागलाय!"

"पंच्याण्णव!" मी ओरडलो. दुकानातलं गाणंसुद्धा त्याच क्षणी संपलं होतं.

"आणि आता कुठली घेताय?"

"शंभर."

"बघा! म्हटलं नव्हतं?" आणि मग बाजूला वळून, "अहो, आमच्या बिल्डिंगमधले आहेत, बनियन बदलायचेत." एसटीतून हसण्याचा आवाज आला. मग वहिनींनी सहा आकडे भजनाच्या वरताण सुरात, सगळ्या गाडीला ऐकू जातील असे वाचून दाखवले. मागून कुणीतरी ते परत म्हणून खात्रीही करून दिली.

मुलीने आकडे टाकले. "झालं सर. आता नवीन बिल करते. मोबाईल नंबर?"

मी वहिनींचा नंबर सांगितला. दहाच्या दहा आकडे, कडकडून. आता पाठ झालाय.