मॉडेलला ढग दिसत नाही, म्हणून ओढा अरुंद ठेवायचा?

गेले दोन आठवडे एक मेसेज फिरतोय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो तीनदा आला, मावसभावाने वेगळा पाठवला. त्यातलं म्हणणं असं: हवामानाच्या कॉम्प्युटर मॉडेलला ढग दिसतच नाही, ढगांचे आकडे शास्त्रज्ञ मनाने बसवतात, 2002 साली चांगला पाऊस सांगितला आणि दुष्काळ पडला, ज्यांना उद्याचं सांगता येत नाही ते 2100चं सांगतात, तेव्हा ओढे-नाले रुंद करण्यात पैसा घालवू नका. पहिलं विधान बरंचसं खरं आहे. त्याच्या जोरावर बाकीची चार गळी उतरतात, म्हणून हे लिहितोय.

आधी ढग. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमाराला गच्चीवरून सिंहगडाकडे बघा. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा पांढराशुभ्र ढग बघता बघता वर चढतो, तासाभरात त्याचा माथा पसरतो, बूड काळं पडतं आणि वळीव कोसळतो. कोथरूडला रस्ते वाहतात, हडपसरला नुसती धूळ. असा ढग काही किलोमीटर रुंद. जागतिक हवामान मॉडेल मात्र पृथ्वीच्या चौकटी पाडून प्रत्येकीचा हिशेब करतं, आणि अशी एक चौकट साधारण 100 किलोमीटरची असते. तेवढ्यात ताम्हिणी, पुणं आणि यवत तिन्ही मावतात. ताम्हिणीत वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यात सातशेच्या आसपास, यवतला त्याहून कमी. मॉडेलला या सगळ्याचा एकच आकडा.

पण ढग सोडून देता येत नाही. वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते तिच्यावर मान्सूनचं वारं टिकून राहतं. म्हणून चौकटीतलं सरासरी तापमान आणि बाष्प पाहून मॉडेल हिशेब करतं, की इथे किती हवा वर चढली असेल आणि कोणत्या उंचीवर किती उष्णता सुटली असेल. चूक होते ती इथे. खरा ढग चढताना भोवतालची कोरडी हवा आत ओढतो आणि बहुतेक वेळा विरून जातो. असे बरेच छोटे ढग विरून वरची हवा ओलसर करतात, तेव्हा कुठे एखादा उंच ढग उभा राहतो. पुष्कळ मॉडेलांत या तयारीला वेळच मिळत नाही. मग संध्याकाळचा पाऊस दुपारी बारालाच पडतो, रिमझिम फार होते आणि जोराच्या सरी कमी पडतात. मान्सूनचा अंदाज सुधारण्यासाठी 2012 साली सुरू झालेल्या सरकारी मान्सून मिशनसाठी अमेरिकेतलं सीएफएस नावाचं हवामान मॉडेल आणलं, त्यातही भारताच्या जमिनीवर पाऊस कमी पडत होता. हा दोष पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्याच लोकांनी मोजला आणि उघडपणे छापला. दोष लपवणारे लोक असं करत नाहीत.

आता ‘मनाने बसवलेले आकडे’. काही आकडे जुळवावे लागतात, हे खरं. पण त्यांना बांध आहेत. आत आलेलं पाणी आणि बाहेर गेलेलं पाणी यांचा ताळा लागलाच पाहिजे, उष्णतेचाही. शिवाय पुण्यासाठी एक आकडा आणि ॲमेझॉनसाठी दुसरा, अशी सोय नसते. आणि ढगांच्या आत जाऊन मोजमाप होतंच: 2009 पासून याच संस्थेच्या मोहिमेत उपकरणं लावलेली विमानं पावसाळी ढगांतून उडवली गेली, 2012 पासून महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा आहे. चौकट लहान करणं हा दुसरा मार्ग, पण तो महाग आहे. लांबी-रुंदी निम्मी केली की चौकटी चौपट होतात, हिशेब ज्या वेळेच्या टप्प्यांनी पुढे सरकतो तेही निम्मे करावे लागतात, म्हणजे गणित आठपट. तरीही 2025 च्या मे महिन्यात सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम 6 किलोमीटरपर्यंत आली आहे. ती रोजच्या अंदाजासाठी आहे; शंभर वर्षांचं गणित त्या बारकाईने करणं अजून परवडत नाही.

2002 चं उदाहरण तर सपशेल गैरलागू आहे. हवामान खात्याचा अंदाज सरासरीच्या 101 टक्क्यांचा होता, पाऊस पडला 81 टक्के. चूक मोठीच होती, शेतकऱ्यांनी ती भोगली. पण तो अंदाज 16 घटकांच्या सांख्यिकी सूत्रावरून काढलेला होता. त्यात ढगांचं मॉडेल नव्हतंच. त्या अपयशाने सूत्राच्या मर्यादा उघड झाल्या.

2100 बद्दल थोडक्यात. अनंत चतुर्दशीला अमुक मंडळ अलका चौकात किती वाजता पोचेल हे कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. पण मंडळं वाढली की मिरवणूक लांबणार, हे कोणीही सांगेल. हवा एक अंश तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. वाढलेली मंडळं ती हीच. मात्र 2070 साली शिरूर तालुक्यात नेमका किती पाऊस पडेल, असा आकडा कोणी दिला तर मीही त्यावर विश्वास ठेवणार नाही. तेवढी नजर या मॉडेलांना अजून नाही, आणि तिथे मेसेजवाल्याचा संशय रास्त आहे.

राहिला ओढा. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यातल्या आंबील ओढ्याला आलेलं पाणी ज्यांनी पाहिलंय त्यांना मी वेगळं काय सांगू? त्या पुरात माणसं गेली. मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना वाढल्याचं पर्जन्यमापकांच्या 1951 ते 2000 या काळातल्या नोंदींवरून 2006 सालीच दाखवलं गेलंय, त्याला मॉडेल लागलं नाही. आणि मॉडेलचा जो दोष मेसेजमध्ये पुढे केलाय, त्याची दिशा नीट पाहा. रिमझिम जास्त, जोराच्या सरी कमी. म्हणजे ढग नीट न दिसणारं मॉडेल चुकतं ते बहुतेक वेळा मोठी सर लहान दाखवून. ओढ्याची रुंदी ठरवताना हा दोष धरायचाच असेल, तर ती वाढवावी लागेल.