बिनविरोध कुणाच्या संमतीने?

माहेराहून तात्यांचा फोन आला. यंदा ग्रामपंचायत बिनविरोध करायची ठरलीय म्हणाले. भांडणं नकोत, खर्च वाचतो, वर आमदारांकडून निधी. मी विचारलं, "तात्या, ठरवलं कुणी?" म्हणाले, "आम्ही सात-आठ जण बसलो होतो देवळात." आईला कुणी विचारलं नव्हतं.

मी अकरा वर्षं बोत्स्वानात, गाबोरोनेला राहते. इथल्या गावसभेला खोत्ला म्हणतात. लाकडी खांबांचं अर्धवर्तुळ, जवळ एखादं झाड, समोर खोसी म्हणजे गावप्रमुख. सरकारचं नवं धोरण असलं तरी मंत्र्याला तिथे येऊन ते समजावून सांगावं लागतं आणि लोकांचं ऐकावं लागतं. त्स्वाना भाषेत म्हण आहे, खोत्ल्यावरचे सगळे बोल सुंदर. कडू बोललं तरी ऐकून घ्यायचं, असा तिचा अर्थ. भाषण पटलं की लोक 'पुला!' म्हणतात. पुला म्हणजे पाऊस. माझं माहेर दुष्काळी तालुक्यातलं, त्यामुळे ही दाद मला फार जवळची वाटते.

मानववंशशास्त्रज्ञ इसाक शापेरा १९२९ पासून मोचुडी भागातल्या बाखात्ला या त्स्वाना जमातीत काम करत होते. १९४० साली फोर्टेस आणि एव्हान्स-प्रिचर्ड यांनी आफ्रिकी राजकीय व्यवस्थांवरचा गाजलेला संग्रह संपादित केला, त्यातला न्ग्वातो या दुसऱ्या त्स्वाना जमातीवरचा लेख शापेरांचा. तेव्हा इथे राज्य ब्रिटिशांचं, त्यांना प्रमुखांमार्फत कारभार हाकायचा होता, म्हणून प्रशासनालाही असल्या अभ्यासाची गरज होती; वाचताना ते विसरू नये. पण 'खोसी लोकांमुळे खोसी' ही म्हण त्या कारभारात खरीच मुरलेली होती. प्रमुखाने लोकांना फार डावललं तर नाराज गट गुरंढोरं घेऊन दुसरीकडे वस्ती करायचा.

न्ग्वातोंची राजधानी सेरोवे, तिथली गोष्ट तर प्रत्येक सरपंचाला सांगावी अशी. १९४८ मध्ये न्ग्वातोंच्या खोसीपदाचे वारस सेरेत्से खामा यांनी लंडनमध्ये रूथ विल्यम्स या गोऱ्या मुलीशी लग्न केलं. काका त्शेकेदी कडाडून विरोधात, आणि पहिल्या दोन सभांमध्ये खोत्ल्याचा कौलही विरोधातच. जून १९४९ मध्ये तिसरी सभा भरली. दिवसेंदिवस बोलणं चाललं. अखेर सेरेत्सेंनी विरोधकांना उभं राहायला सांगितलं, तर थोडेच उठले. मग पाठिंबा देणारे हजारोंनी उभे राहिले. लोकांनी आपलं मत सगळ्यांदेखत बदललं होतं. ब्रिटिशांनी तरीही १९५० मध्ये सेरेत्सेंना हद्दपार केलं. १९६६ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा पहिले राष्ट्राध्यक्ष तेच झाले.

त्या गर्दीत बायकांना मात्र आवाज नव्हता. बसार्वा, म्हणजे सान लोक, तर त्स्वानांच्या घरी राबणारे. ही परंपरा मी डोक्यावर घेऊन नाचणार नाही. पण ती बदलते, हे मी पाहतेय. जवळच्या रामोत्स्वाला २००३ मध्ये मोसादी सेबोको बालेते जमातीच्या खोसी झाल्या, बाई असून.

आपल्याकडे 'गावकीची जुनी एकी' परत आणा म्हणणाऱ्यांना मला विचारायचंय, त्या एकीत बोलत कोण होतं? जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाला नाशिकच्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळी इथली निवडणूक रद्द करावी लागली, कारण पदांचा लिलाव झाला होता. तेही बिनविरोधच्याच नावाखाली. उलट गडचिरोलीच्या मेंढा-लेखा या गावात सर्वसहमतीने निर्णय होतात, पण ती सहमती गावसभेत बसून, बोलून होते. सभा न घेताच निकाल सांगणं वेगळं. आपल्या कायद्यात ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. आमच्या गावात ती कागदावरच होते.

तात्यांना मी सांगितलंय, नावं ठरवण्याआधी चावडीवर सगळ्यांना बोलवा आणि आधी बायकांना बोलू द्या. ते 'बघतो' म्हणाले. आईने काय मांडायचं ते आत्ताच ठरवलंय: पाणंद रस्ता आणि शाळेचं गळकं छप्पर.