पाच हजार तासांत बाद होणारा फ्युएल सेल

‘ट्रकमध्ये फ्युएल सेल टिकत नाही. 5,000 तासांत बाद होतो, आतलं प्लॅटिनम जळून जातं, आयुष्य वाढवायचं तर आणखी प्लॅटिनम ओता.’ हा मजकूर सध्या बराच फिरतोय. फ्युएल सेल म्हणजे हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यापासून वीज बनवणारं साधन, आणि प्लॅटिनम हा त्यातला कॅटॅलिस्ट, म्हणजे ती क्रिया वेगाने घडवणारा.

5,000 तासांचा आकडा कुणी मनाने काढलेला नाही. फक्त तो कारचा आहे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने कारसाठी ठेवलेलं ते उद्दिष्ट. ताशी 50 किमी धरले तरी अडीच लाख किलोमीटर झाले. लांब पल्ल्याच्या ट्रकसाठी याच विभागाचं 2030 चं उद्दिष्ट 25,000 तासांचं आहे. उद्दिष्ट ठेवलं म्हणजे गाठलं असं नाही, मान्य. पण कॅलिफोर्नियात एसी ट्रान्झिट या सार्वजनिक बससेवेच्या बसमधल्या फ्युएल सेलने रोजच्या फेऱ्या मारत 25,000 तास ओलांडलेत. बस आणि ट्रक एक नव्हे, तरी ‘5,000 तासांत बाद’ म्हणणाऱ्याला एवढं पुरे.

प्लॅटिनम जळत तर नाहीच. त्याचे कण असतात काही नॅनोमीटरचे. व्होल्टेज सतत वर-खाली झालं की लहान कण विरघळतात आणि ते प्लॅटिनम मोठ्या कणांवर जाऊन बसतं. थोडं मेम्ब्रेनमध्ये, म्हणजे सेलच्या दोन बाजूंमधल्या पातळ पडद्यात, शिरून वाया जातं. धातू बहुतेक आतच राहतो, काम करणारा पृष्ठभाग मात्र घटतो. जळतो म्हणायचंच तर हे कण ज्यावर बसवलेले असतात तो कार्बन. बंद गाडीत हायड्रोजनच्या बाजूला हवा शिरलेली असते. सुरू करताना त्या हवेला ढकलत हायड्रोजन आत येतो, तेवढ्या क्षणात कॅथोडचं, म्हणजे हवेच्या बाजूच्या इलेक्ट्रोडचं, विभव 1.4 व्होल्टच्या आसपास चढतं आणि कार्बनचा चक्क कार्बन डायऑक्साइड होतो.

म्हणून ‘आणखी प्लॅटिनम’ हा अर्धाच उपाय. ट्रकच्या सेलमध्ये ते कारपेक्षा जास्त घालतात, खरंय. पण मोठा फरक पडतो तो सेल चालवण्याच्या पद्धतीने. डिझेलवाल्यांना उलटं वाटेल, पण कॅटॅलिस्टची झीज जोर लावताना नव्हे, जवळजवळ रिकामं चालताना वाढते, कारण तेव्हाच व्होल्टेज सर्वांत वर असतं. त्यामुळे व्होल्टेज ठरावीक मर्यादेच्या वर जाऊ द्यायचं नाही, भाराचे धक्के बॅटरीने झेलायचे, सुरू-बंद कमीत कमी.

खरी अडचण त्या मजकुरात आलीच नाही: उष्णता. सेल 0.7 व्होल्टवर असताना 100 किलोवॅट विजेमागे साधारण 79 किलोवॅट उष्णता निघते. झिजून 0.6 वर आला की तेवढ्याच विजेला 108. रेडिएटर मात्र पहिल्या दिवशी बसवला तेवढाच.