डॉक्टरची गोळी वाईट, पुडी मात्र चांगली!

आमच्या बाबांना डॉक्टरच्या गोळीची भारी धास्ती. "गोळ्यायनं किडनी जाते रे!" पण आठवडी बाजारात चादर अंथरून बसलेल्या माणसाची गुडघेदुखीची पुडी? ती तीन महिन्यांपासून रोज, दुधात टाकून! लेबल नाही, परवाना नाही, तारीख नाही. "जडीबुटी हाय, नुकसान नाही." अहो, दोन दिवसांत ठणका थांबतो, मग भूक वाढते, तोंड गोल होतं, साखर चढते. अशा पुड्यांत स्टेरॉइड (सूज-ठणका झटक्यात दाबणारं जोरदार औषध) मिसळलेलं कितीदा सापडलंय! बरं, एकदम बंदही करता येत नाही, कारण तोवर शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायला विसरलेलं असतं. आता हे बाबांना कोण समजावणार?

त्याच घरात फवारणीचा रिकामा डबा वावरात पाणी न्यायला. "तीनदा इसळला ना, मंग?" अरे, प्लास्टिकात मुरलेलं औषध इसळून जात नाही! (विषालाच आपण औषध म्हणतो, तिथंच गाडं फसतं.) २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधेनं किमान २० माणसं गेली. तरी परवा शेजारचे काका बनियनवर, उघड्या तोंडानं, वाऱ्याच्या समोरच पंप चालवत होते.

बोललं की उत्तर ठरलेलं, "तू लय शिकला बापा!"

उद्या बाजार आहे. पुडी संपली म्हणून बाबांनी सकाळपासून दोनदा आठवण दिलीय.