मामांची साखर आणि माझी साक्ष

गेल्या महिन्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ येऊन पडला. नागपुरातली उज्जीवन सभा, म्हणजे ख्रिस्ती लोकांची विश्वास जागवायची सभा; तिथे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं, त्यालाच साक्ष म्हणतात. मांडव, मागे निळा पडदा, कानठळ्या बसवणारा कीबोर्ड आणि हातात माइक घेतलेले माझे सख्खे मामा, वय ७१. "प्रभूनं माझी साखर काढून टाकली. गोळ्या मी नालीत फेकून दिल्या." मांडव गरजला, आमेन. व्हिडिओखाली जोडलेल्या हातांची रांग लागली.

दहा मिनिटांनी मामेबहिणीने मला एकटीला फोटो पाठवला. ग्लुकोमीटरचा. उपाशीपोटी ३१२.

मी पेशाने फार्मासिस्ट. एडिनबरात, लीथच्या बाजूला, सतरा वर्षं डोसेट, म्हणजे दिवसवार गोळ्यांचे खणांचे डबे, भरतेय. ३१२ हा आकडा पाहून माझं डोकंच फिरलं, आणि मी ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं, "मामा, तुमची साखर आज सकाळी ३१२ होती. गोळ्या परत सुरू करा. साक्ष म्हणजे खोटं बोलायचा परवाना नव्हे."

मग जे व्हायचं ते झालं. मामेबहीण माझ्याशी बोलेनाशी झाली, कारण आकडा कोणी फोडला हे घरात सगळ्यांना कळलं. एका चुलतभावाने लिहिलं, "ताई, तिकडे राहून तुझा विश्वास थंडा पडला. तुमचे चर्च तर विकून राहिले, त्याच्यात दारूचे बार चालू होऊन राहिले, अन् तू आम्हाले शिकवून राहिली." त्याला सतरा अंगठे. दुसऱ्या दिवशी एका ग्रुपचे दोन झाले. २९ नोव्हेंबर १९७० ला याच नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या, म्हणजे चर्चचे समुदाय, एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्याच गावात आमचं एक कुटुंब एका ग्रुपमध्ये मावेना.

बारचं खरं आहे. माझ्या बसच्या रस्त्यावर एका चर्चचे फ्लॅट झालेत, रंगीत काचेमागे कोणाची तरी व्यायामाची सायकल दिसते. २०२२ च्या जनगणनेत स्कॉटलंडमधल्या ५१.१ टक्के लोकांनी धर्माच्या रकान्यात 'कोणताच नाही' लिहिलं. पण त्याचा मामांच्या साखरेशी संबंध काय? हे आपल्याकडचं जुनं आहे, आकडा दाखवला की समोरचा तुमचं चर्च दाखवतो.

'साक्ष' या शब्दावरच माझा राग अडकलाय. मराठीत हा शब्द कोर्टातही तोच आणि मंडळीतही तोच. नागपूरच्या कोर्टात कोणी उभा राहून "माझी साखर गेली" म्हणाला तर वकील रिपोर्ट मागेल. मंडळीत रिपोर्ट मागणारा पापी ठरतो. दहा आज्ञांत खोटी साक्ष देऊ नको असं लिहिलंय, तिथे "सभेत दिली तर चालेल" अशी तळटीप मला तरी सापडली नाही. पुनरुत्थानाचा पुरावा मागणाऱ्या थोमा या शिष्याला आमचे पाळक दरवर्षी ईस्टरनंतर धोपटतात, पण प्रभूने त्याला हाकलला नव्हता, हात पुढे केले होते. आणि गोळीचं म्हणाल, तर बायबलमधल्या हिज्कीया राजासाठी यशया संदेष्ट्याने प्रार्थनेबरोबर गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला. पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो. शुभवर्तमान लिहिणारा लूक तर वैद्यच. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. उत्तरादाखल फक्त गुलाबाच्या फुलावर लिहिलेलं एक वचन आलं.

कवी ना. वा. टिळकांना राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परक्या माणसाने नवा करार दिला, त्यानंतर १८९५ चा बाप्तिस्मा व्हायला दोनेक वर्षं लागली. तेवढा काळ ते वाचत होते, शंका काढत होते. आज ते आमच्या ग्रुपमध्ये असते तर पहिल्या आठवड्यात काढून टाकले गेले असते.

आणि स्टीफन हिस्लॉप. ज्यांच्या नावाच्या कॉलेजात माझ्या वडिलांनी बी.ए. केलं ते. १८४५ मध्ये स्कॉटलंडहून नागपुरात आले, उपदेश केला, शाळा काढली आणि उरलेल्या वेळात दगड गोळा केले. जीवाश्म, खनिजं. हिस्लोपाइट नावाचं खनिज त्यांच्याच नावावर आहे. १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना पुराच्या नाल्यात बुडून गेले. हाताने दगड उलटून पाहणारा माणूस आमचा मिशनरी होता. उलटून न पाहता आमेन म्हणायचं आपल्याला कोणी शिकवलं?

दोन वर्षांपूर्वी मी मुद्दाम त्यांच्या जन्मगावी, डन्सला गेले. दोन बस बदलून. चहाच्या दुकानातल्या बाईला नाव सांगितलं. तिने कधी ऐकलं नव्हतं. तिने मला स्कोनबरोबर जास्तीचं लोणी दिलं, बहुधा माझा चेहरा बघून.

इथल्या खरेपणाचं मला कौतुक आहे, ते मी लपवत नाही. मागच्या हिवाळ्यात माझ्या हातून एका आजींच्या डोसेटमध्ये ५ ऐवजी १० ची गोळी गेली. दुपारी साठा मोजताना लक्षात आलं. मी स्वतः फोन केला, माफी मागितली, घरी जाऊन तो खण उघडून गोळी बदलली, मग फॉर्म भरला. फॉर्मवर चूक कशी झाली ते लिहायचं असतं. मी लिहिलं, दोन्ही खोकी निळी होती आणि मी बोलत होते. आजी म्हणाल्या, चहा घेणार का. विषय संपला. इथल्या माझ्या चर्चच्या वार्षिक हिशेबातही छप्पर गळतंय, पैसे नाहीत, रविवारी सरासरी एवढीच माणसं, असं सरळ लिहिलेलं असतं. नागपुरात कोणत्या मंडळीने "यंदा माणसं कमी झाली" असं लिहिलंय, दाखवा.

पण मग हेही लिहायला हवं की या सतरा वर्षांत त्या चर्चमध्ये मला कोणी विचारलं नाही की तुझं कसं चाललंय, तू कशाला धरून आहेस. रोटावर, म्हणजे कामांच्या पाळीच्या यादीवर, माझं नाव आहे, फुलं आणि चहा. पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या बाईंनी प्रेमाने विचारलं होतं, तुम्ही ख्रिस्ती कधी झालात? मी म्हटलं, आमचं घराणं चार पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. त्या म्हणाल्या, वा, किती छान. आणि नागपुरात सुट्टीला गेले की रिक्षावाला आडनाव ऐकून म्हणतो, "मॅडम ख्रिश्चन अन् मराठी एवढी फस्क्लास?" दोन्हीकडे मी हसते.

खरं तर त्या भांडणानंतर तीन दिवसांनी मामीचा फोन आला होता. मला वाटलं झापणार. मामी हळू आवाजात म्हणाली, "काहून एवढी चिडून राहिली बाई? गोळ्या घेऊन राहिले ते. मी पिठाच्या डब्यात ठेवल्या. पण आता सगळ्यांसमोर बोलून बसले ना. सांगू नको कोणाले." मेटफॉर्मिन, ज्वारीच्या पिठात. मला आधी हसू आलं.

मग हसू गेलं. कारण २००७ मध्ये निघायच्या आधीच्या रविवारी मीसुद्धा साक्ष दिली होती. पांढरा कुडता, हातात माइक. "माझ्याजवळ काहीच नव्हतं. माणसांकडे हात न पसरता परमेश्वराने फी, तिकीट, व्हिसा सगळं पुरवलं." मंडळी आमेन म्हणाली. तिसऱ्या बाकावर मामा बसले होते, ज्यांनी कामठी रोडचा प्लॉट विकून माझी फी भरली होती. ते उठून काही बोलले नाहीत. आमेन म्हणणाऱ्यांत त्यांचा आवाज सगळ्यात मोठा होता. प्लॉटचं मी कधी कुठे बोलले नाही. तिथे आता चार मजली इमारत आहे, मामा तिच्यासमोरून भाजीला जातात.

हे दोन्ही ग्रुपवर लिहायचं म्हणून मी टाइप केलं. दोनदा. अजून ड्राफ्टमध्येच आहे.

परवा रविवारी मामांचा व्हिडिओ कॉल आला. भांडणानंतर पहिल्यांदाच. चेहरा उतरलाय, पण आवाज तोच. साखरेचं त्यांनी काढलं नाही, मीही नाही. "उपासना झाली काय बेटा? किती जण होते आज?"

मी फार्मसीच्या मागच्या खोलीत होते, रविवारच्या शिफ्टला, टेबलावर अर्धा भरलेला डोसेट. फोन थोडा वर धरला, मागे नुसती भिंत दिसेल असा.

"अकरा," मी म्हटलं.

"आमेन," मामा म्हणाले.