शंभर किलोची सूट परवान्याला आहे, गॅसला नाही

आमच्या कोपरखैरण्यातल्या गल्लीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतो आहे. तोच मेसेज नौपाड्यात राहणाऱ्या बहिणीला आला, ऐरोलीत भाच्याला आला. मजकूर सगळीकडे एकच : "१०० किलोपर्यंत गॅस ठेवायला सरकारी परवाना लागत नाही. म्हणजे घरगुती ७ सिलिंडर कुठेही ठेवा, कोणी विचारू शकत नाही. गॅस हलका असतो, गळला तरी वर उडून जातो. वास आला तर लगेच एक्झॉस्ट फॅन लावा. टाकी संपत आली की आडवी करा, दोन दिवस जास्त चालते. मात्र तारीख उलटलेली टाकी म्हणजे बॉम्ब, ती घेऊ नका. जनहितार्थ पुढे पाठवा."

मी २२ वर्षं गॅस एजन्सीत मेकॅनिक होतो. असे मेसेज खूप पाहिले आणि बहुतेक सोडून दिले. हा सोडता येईना, कारण परवा शेजारच्या वहिनींच्या जिन्याखाली सहा लाल टाक्या ओळीने दिसल्या आणि मी विचारलं, तेव्हा त्यांनी हाच मेसेज माझ्यासमोर धरला. "भाऊजी, वाचा ना. शंभर किलोपर्यंत चालतं म्हणे." वहिनींचं पोळीभाजी केंद्र आहे. पहाटे चारला भट्टी पेटते, हाताखाली तीन बायका आहेत, महापे एमआयडीसीत डबे जातात. त्यांनी चोरून काही केलं नव्हतं. त्यांनी हिशेब केला होता : १४.२ किलोच्या सहा टाक्या, एकूण ८५.२ किलो, म्हणजे शंभरच्या आत. हिशेब बरोबर होता. ज्याच्या भरवशावर केला तो मेसेज चुकीचा होता.

तर पहिली गोष्ट, शंभर किलोची. ही अर्धी खरी आहे, म्हणूनच जास्त घातक. केंद्र सरकारच्या गॅस सिलिंडर नियम, २०१६ मध्ये एलपीजीचा एकूण साठा १०० किलोपेक्षा जास्त नसेल तर साठवणुकीच्या परवान्यातून सूट आहे. हा परवाना देणारं खातं म्हणजे पेसो, केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना, जिचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. सूट आहे ती त्या एका परवान्यापुरती. साठा कसा ठेवायचा हे त्याच नियमांत पुढे सांगितलं आहे आणि ते एका टाकीलाही लागू आहे : टाकी उभीच हवी, धक्क्याने पडणार नाही अशी हवी, जागा थंड, कोरडी आणि भरपूर हवेशीर हवी, आच आणि ठिणगी लांब हवी. सायकलला लायसन्स लागत नाही, म्हणून कोणी ती पामबीचसारख्या वाहत्या रस्त्यावर उलट्या बाजूने घालत नाही.

शिवाय सात घरगुती टाक्या एका माणसाकडे येतात कुठून? घरगुती जोडणीवर जास्तीत जास्त दोन मिळतात. बाकीच्या पाच दुसऱ्या कोणाच्या तरी नावावरच्या असतात. २००० सालच्या एलपीजी पुरवठा आणि वितरण आदेशानुसार घरगुती टाकी धंद्यासाठी वापरणं हाच गुन्हा आहे, मग ती एक असो की सात. हा आदेश जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा आहे, त्यामुळे "कोणी विचारू शकत नाही" हे तर साफ खोटं. शिधावाटप कार्यालय विचारू शकतं, पोलीस विचारू शकतात. अग्निशमन दलही विचारू शकतं, कारण महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याने जबाबदारी मालकावर किंवा जागा वापरणाऱ्यावर टाकली आहे. गाळा भाड्याचा आहे असं सांगून त्यातून सुटका होत नाही.

एक बाब लोकांच्या लक्षातच येत नाही. तेल कंपन्यांचा अपघात विमा असतो, पण मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई जोडणीच्या नोंदलेल्या पत्त्यावरच मिळते. जुईनगरच्या नातेवाइकाच्या नावाची टाकी कोपरखैरण्याच्या गाळ्यात फुटली, तर त्या गाळ्याचं पुढे काय होणार हे मी वेगळं सांगायला नको.

आता गॅस हलका असतो, हे वाक्य. माझ्या मते साऱ्या मेसेजमधलं हेच जिवावर उठणारं आहे.

घोटाळा कुठून झाला ते मला कळतं. ठाणे-नवी मुंबईत महानगर गॅसची पाइपलाइन घरोघर पोचली आहे. पाइपातून येतो तो नैसर्गिक वायू, म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा खरोखरच हलका असतो आणि वर जातो. टाकीतला गॅस प्रोपेन आणि ब्युटेनचा. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. तो पाण्यासारखा वागतो. उतार मिळेल तिकडे वाहतो, खड्डा मिळेल तिथे साचतो, गटाराच्या जाळीतून खाली उतरतो. दोन्हींना आपण "गॅस" म्हणतो आणि एकाचा गुण दुसऱ्याला चिकटवतो.

घणसोलीतला एक जिना मी विसरू शकत नाही. सकाळी साडेसहाला फोन आला. सिडकोचं बैठं घर, त्यावर चढलेले तीन मजले, खाली खानावळ, जिन्याखाली टाक्या. वरची मुलगी शाळेला निघाली होती. शेवटच्या पायरीवर बसून, वाकून बुटाची नाडी बांधताना ती म्हणाली, "आई, इथे घाण वास येतोय." दारात उभ्या असलेल्या तिघा मोठ्या माणसांना काहीच वास येत नव्हता, म्हणून त्यांनी तिलाच दामटलं. मी पोचलो तेव्हा मलाही उभ्याने काही जाणवलं नाही. गुडघ्यावर बसलो आणि भपकारा आला. कमरेच्या वर हवा स्वच्छ, खाली फरशीवर गॅसचा थर. टाक्यांच्या डोक्यावर, दीड हातावर, सगळ्या बिऱ्हाडांचे विजेचे मीटर. जिन्यातल्या दिव्याच्या बटणाकडे एकाचा हात गेला होता, तो मी ओरडून थांबवला. सापडलं काय, तर राखीव टाकीच्या वॉल्व्हमधली रबरी रिंग चिरलेली आणि वर कॅप नाही. दोऱ्याने लोंबणारी ती प्लास्टिकची कॅप दाबून बसवली आणि फुसफुस थांबली. टाकी उचलून मोकळ्यावर नेली. दारं सताड उघडी टाकून तासभर सगळ्यांना बाहेर उभं केलं.

त्या जागेचं गणित मी नंतर मांडलं. जिन्याखालची खोबण साधारण चार फूट रुंद, सहा फूट खोल, चार फूट उंच. त्यात पावणेतीन घनमीटर हवा मावते. हवेत हा गॅस दोन टक्क्यांच्या आसपास झाला की पेट घेऊ शकतो. म्हणजे ती खोबण पेटती करायला जेमतेम सव्वाशे ग्रॅम गॅस पुरतो, आणि टाकीत असतो १४.२ किलो. साध्या आठ बाय दहाच्या स्वयंपाकघरालाही किलोभराच्या आतच पुरतो. तळाशी थर साचला तर त्याहून कमी. शंभर किलोची भाषा करणाऱ्यांनी हा ग्रॅमचा हिशेब एकदा मनाशी करून पाहावा.

जमिनीखाली टाकी नको, तळघरात नको, बंद कपाटात नको, गटाराच्या तोंडाशी नको आणि शेगडी नेहमी टाकीपेक्षा उंचावर हवी, या नियमांचं मूळ गॅसच्या या खाली बसण्यातच आहे. हॉटेल-खानावळींच्या जोडणीसाठी भारतीय मानक ६०४४ आहे. गॅस बँक, म्हणजे एकत्र जोडलेल्या टाक्यांची जागा, बाहेर, मोकळ्या हवेत, जाळीच्या दारामागे असते ती त्यामुळे. कोणी अधिकाऱ्याने पैसे काढायला हे रचलेलं नाही. २०१५ च्या ऑक्टोबरात कुर्ल्याच्या सिटी किनारा हॉटेलात गॅस गळून आग लागली आणि आठ जण गेले. जेवायला बसलेली तरुण मुलं होती त्यात.

एक्झॉस्ट फॅनचा सल्ला वरच्या चुकीतूनच आला आहे. फॅन असतो छताजवळ, गॅस असतो फरशीवर. त्यात बटण दाबताना आतल्या आत ठिणगी उडते. चालू करतानाही उडते, बंद करतानाही. म्हणून वास आला की कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही. फ्रिज चालू असेल तर चालू राहू दे. रेग्युलेटर बंद करून काढायचा, कॅप बसवायची, दारं-खिडक्या उघडायच्या, माणसं बाहेर काढायची आणि बाहेर गेल्यावर १९०६ ला फोन करायचा. हा एलपीजी गळतीचा चोवीस तासांचा नंबर आहे. आग असेल तर १०१. घरात उभं राहून फोन करू नका, एवढं माझं ऐका.

टाकी आडवी करण्याचं तर मी हात जोडून सांगतो, करू नका. टाकीत खाली द्रव असतो आणि वर वाफ. उभ्या टाकीतून वाफ बाहेर येते. आडवी केली की रेग्युलेटरमध्ये द्रव शिरतो. एक लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर गॅस होतो, आणि तो शेगडीपाशी झाला की ज्योत छताला लागते. भट्टीवाल्यांची आणखी एक सवय असते : मोठी आच हवी म्हणून घरगुती रेग्युलेटर काढून पितळी अ‍ॅडॉप्टर लावणं. घरगुती रेग्युलेटर टाकीतला दाब शंभर पटींहून जास्त खाली आणतो. तो काढला की साध्या नळीवर टाकीचा दाब जवळजवळ पुरा येतो. ती नळी त्यासाठी केलेलीच नाही. कितीतरी गाळ्यांत अशा फुगलेल्या नळ्या मी सुरीने कापून फेकल्या आहेत, पुन्हा कोणी जोडू नये म्हणून. नळी एकसंध, आयएसआय छापाची, तारेची जाळी असलेली नारिंगी सुरक्षा नळीच घ्यावी, दीड मीटरपर्यंत, आणि पाच वर्षांनी बदलावी.

राहिली तारीख. टाकीच्या वरच्या कड्याला धरून ठेवणाऱ्या तीन पट्ट्या असतात, त्यातल्या एकीच्या आतल्या बाजूला बी-२८ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढे साल. ही गॅस खराब होण्याची तारीख नाही, गॅस नासत नाही. टाकीची पुढची सक्तीची चाचणी तोपर्यंत व्हायला हवी, एवढाच तिचा अर्थ. नव्या टाकीची पहिली चाचणी दहा वर्षांनी आणि नंतर दर पाच वर्षांनी होते. तिच्यात पाणी भरून रोजच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त दाब देतात. ३० जूनला चांगली असलेली टाकी १ जुलैला बॉम्ब होत नाही. तरीही तारीख उलटलेली टाकी दारात आली तर परत पाठवा, तो तुमचा हक्क आहे. मला वाईट याचं वाटतं की लोक पट्टीवरची तारीख डोळे फाडून वाचतात आणि वॉल्व्हमधली रिंग बघतच नाहीत. माझ्या कामात गळती निघायची ती बहुतेक रिंगमधून नाहीतर नळीतून. टाकी आपणहून फुटलेली मी एकदाही पाहिली नाही; फुटते तेव्हा त्या आधी आग लागलेली असते. डिलिव्हरीवाला सील काढतो तेव्हा त्याला थांबवा, वॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकायला सांगा, बुडबुडे येतात का बघा. दोन मिनिटं लागतात.

काडी ओढून गळती शोधणारे अजून भेटतात. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा मी त्यांच्या हातात साबणाचं पाणी देतो.

ज्यांना खरंच कमी गॅस लागतो, तुर्भ्याच्या खोल्यांत राहणारी कामकरी मुलं आणि एकटे विद्यार्थी, त्यांनी बाजारात मोठ्या टाकीतून भरून मिळणारी बिनछापाची छोटी टाकी घेऊ नये. कंपन्यांची ५ किलोची टाकी नुसत्या ओळखपत्रावर मिळते, पत्त्याचा पुरावा लागत नाही.

वहिनींशी त्या दिवशी तासभर बोललो. १९ किलोच्या व्यावसायिक टाकीचा खर्च त्यांना जड जाणार होता, ते खरंच आहे, आणि मी ते नाकारलं नाही. डब्यामागे थोडी वाढ करावी लागली, दोन गिऱ्हाइकं तुटली. मागच्या मोकळ्या जागेत आता जाळीचं दार लावून दोन टाक्या उभ्या आहेत, आत पक्का पाइप गेला आहे. लाल टाक्या ज्यांच्या त्यांना परत गेल्या, एक सोडून. "ती रिकामी आहे, राहू द्या जिन्याखाली," वहिनी म्हणाल्या. रिकाम्या टाकीत शेगडी पेटण्याइतका गॅस नसतो, पण त्या खोबणीला पुरेल इतका उरलेला असतो. मी तिची कॅप दाबून बसवली आणि ती बाहेर अंगणात, नारळाच्या बुंध्याशी उभी केली. उद्या एजन्सीचा टेम्पो येईल तेव्हा ती जाईल.