निवेदन कुणाच्या हातात द्यायचं?

मंत्री बेळगावात आले की हार, शाल, फेटा आणि निवेदन. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. निवेदनाच्या कोपऱ्यात कन्नडमध्ये एक ओळ पडते, ‘सूक्त क्रमक्कागि’, म्हणजे योग्य कारवाईसाठी, आणि कागद खालच्या कार्यालयाकडे सरकतो. त्या एकाच कागदावर गोव्याकडे जाणाऱ्या चोर्ला रस्त्याचे खड्डे, मराठी शिक्षक, बायपासची जमीन, पिण्याचं पाणी आणि मराठीतून सरकारी परिपत्रकं अशा दहा मागण्या असल्या की कुठलंच खातं तो आपला म्हणत नाही.

सीमाभागात आपण ‘आपला मंत्री’ फार शोधतो. मंत्री आपला आहे की नाही यापेक्षा त्या कामावर सही कुणाची लागते, हे आधी बघावं असं माझं ठाम मत आहे.

मंत्रिपदांचा हिशेब साधा आहे. विधानसभेच्या 15 टक्क्यांपेक्षा जास्त मंत्री करता येत नाहीत. कर्नाटकात 224 आमदार, म्हणजे मुख्यमंत्री धरून 34. बेळगाव जिल्ह्यात 18 मतदारसंघ, बेंगळुरू सोडलं तर राज्यात सर्वाधिक. 2023 च्या मंत्रिमंडळात जिल्ह्याला दोन मंत्री मिळाले, सतीश जारकीहोळी आणि लक्ष्मी हेब्बाळकर. जारकीहोळींकडे सार्वजनिक बांधकाम आणि जिल्ह्याचं पालकमंत्रिपद, हेब्बाळकरांकडे महिला-बालकल्याण. त्यामुळे अंगणवाडीचा विषय असेल तर मंत्री दाराशीच आहे. शाळेतल्या शिक्षकाच्या जागेचा असेल तर या दोघांपैकी कुणाचीच सही चालत नाही, ते फक्त शब्द टाकू शकतात.

पालकमंत्र्यांची खरी ताकद त्यांच्या खात्यापेक्षा केडीपी, म्हणजे कर्नाटक विकास कार्यक्रमाच्या आढावा बैठकीत असते. ही बैठक दर तीन महिन्यांनी असते. प्रत्येक खातं उद्दिष्ट किती, खर्च किती, काम किती टक्के ते मांडतं. इतिवृत्त होतं, आणि पुढच्या बैठकीत त्यावरचा अनुपालन अहवाल द्यावा लागतो. अधिकारी घाबरतो तो या अहवालाला, हार घातलेल्या फोटोला नाही. म्हणून बैठकीआधी पंधरा दिवस आपल्या आमदाराकडे एकच विषय, एका खात्याच्या नावाने, गाव आणि सर्व्हे नंबर किंवा रस्त्याच्या किलोमीटरसह द्यावा. तालुक्याच्या केडीपीचं अध्यक्षपद तर आमदाराकडेच असतं. तिथे सुटणारा विषय जिल्ह्यापर्यंत नेण्यात वेळच जातो.

रस्त्यांत सगळ्यात जास्त गोंधळ. गावातला रस्ता पंचायतराज अभियांत्रिकीचा, जिल्हा मुख्य रस्ता आणि राज्य महामार्ग सार्वजनिक बांधकामचा. चोर्ला घाटाच्या रस्त्याला आता राष्ट्रीय महामार्गाचा दर्जा आहे, पैसे केंद्राचे. शिवाय जांबोटीच्या पुढे जंगल लागतं, रुंदी वाढवायची म्हटली की वनखात्याची मंजुरी आली. तिथे राज्याच्या मंत्र्याला घेराव घालून खड्डे बुजतील, रुंदीकरण होणार नाही. त्यासाठी खासदाराला दिल्लीत बसून फाईल हलवावी लागते.

जमीन जाते तेव्हा मात्र चुकीच्या दाराशी उभं राहणं फार महाग पडतं. राष्ट्रीय महामार्गासाठी संपादन होतं तेव्हा राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम 3ए ची अधिसूचना राजपत्रात येते. तिच्यावर हरकत घ्यायला फक्त 21 दिवस. तीही सक्षम भूसंपादन अधिकाऱ्याकडे, लेखी, कारणांसह. या एकवीस दिवसांत आपल्याकडे काय होतं? गावात बैठक, मग मोर्चा, मग मंत्र्यांना निवेदन. मंत्री ‘शेतकऱ्यांवर अन्याय होऊ देणार नाही’ म्हणतात, लोक घरी जातात, मुदत संपते. मंत्र्याला दिलेलं निवेदन कायद्याच्या लेखी हरकत धरलं जात नाही. पुढे 3डी ची अधिसूचना निघाली की जमीन केंद्राच्या नावावर. मग उरतो मोबदल्याचा वाद आणि लवाद.

यात भाषेचा काटा आहे. अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत, त्यातल्या एकात स्थानिक भाषेत, छापायचा असतो. आपल्याकडे स्थानिक भाषा म्हणजे कन्नड धरली जाते. मराठी शाळेत शिकलेल्या शेतकऱ्याला आपलाच सर्व्हे नंबर छापून आलाय हे कळेपर्यंत आठवडा गेलेला असतो. 1956 च्या केंद्राच्या निवेदनपत्रात, जिथे भाषिक अल्पसंख्याक 15 ते 20 टक्के आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात असं आहे. मराठी परिपत्रकांची मागणी भावनिक वाटणाऱ्यांनी हा 21 दिवसांचा हिशेब मांडून बघावा. आणि मागणी करणाऱ्यांनीही नुसती ‘परिपत्रकं द्या’ न म्हणता ‘भूसंपादनाच्या नोटिसा आधी द्या’ असं म्हणावं.

बेळगावचे खासदार सुरेश अंगडींचं उदाहरण दोन्ही बाजूंनी शिकवणारं आहे. 2019 मध्ये ते रेल्वे राज्यमंत्री झाले आणि लोंढ्याचा वळसा टाळणारा बेळगाव-कित्तूर-धारवाड मार्ग त्यांच्या काळात पुढे सरकला. सुमारे 73 किलोमीटर, 927 कोटी. सप्टेंबर 2020 मध्ये त्यांचं निधन झालं. भागाचा माणूस खात्यात असला की काय होतं ते दिसलं. पण जमीन राज्याने द्यायची, आणि देसूर, गर्लगुंजी भागातल्या शेतकऱ्यांनी सुपीक शिवार सोडून पडीक जमिनीतून मार्ग न्या म्हणून विरोध केला. मंत्र्याने लाईन आणली, आखणी कुठून जावी हे कुणी विचारलं नाही. भागाचं हित नक्की कुणाचं, प्रवाशाचं की भाताच्या जमिनीवर जगणाऱ्याचं? दोन्ही आपलेच.

महाराष्ट्राचे सीमा समन्वय मंत्री हा आणखी वेगळा प्रकार. 2019 मध्ये एकनाथ शिंदे आणि छगन भुजबळ, 2022 मध्ये चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई. डिसेंबर 2022 मधला दोघांचा बेळगाव दौरा ठरला, पुढे ढकलला, झालाच नाही. बेळगावातल्या एका शिपायालाही ते आदेश देऊ शकत नाहीत. त्यांच्या हातात काय आहे तेवढंच त्यांच्याकडे मागावं: सीमाप्रश्नाच्या सर्वोच्च न्यायालयातल्या 2004 च्या दाव्यासाठी वकील आणि कागद वेळेवर, महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या 865 गावांसाठी फुले जनआरोग्य योजना प्रत्यक्षात कुठल्या रुग्णालयात चालते त्याची यादी, महाराष्ट्रातल्या प्रवेशांत सीमाभागाच्या जागा. त्या जागांसाठी गावाचा रहिवासी दाखला आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ करून ते मिळत नाहीत, बारावीच्या परीक्षेआधीच फाईलला लावून ठेवावेत.

डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा सगळं मंत्रिमंडळ दहा-बारा दिवस गावातच असतं. तेव्हा आंदोलनं ढीगभर होतात. पण राज्याचा अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आणि खात्यांचे प्रस्ताव याच सुमाराला तयार होत असतात. मराठी शाळेचा शिक्षक हवा असेल तर वर्गात 10 किंवा शाळेत 40 मुलं हा जुना निकष आहे. एसएटीएसवरची, म्हणजे शिक्षणखात्याच्या ऑनलाइन विद्यार्थी नोंदीतली, पटसंख्या छापून घ्या, शाळेचं नाव, रिकाम्या जागा, एक पान, कन्नड आणि मराठी दोन्हीत. शिक्षणमंत्र्यांना द्या, पोच घ्या, तीच प्रत आमदाराला प्रश्न विचारायला द्या. फोटो काढायचा असेल तर पोचपावतीचा काढा.